चिमटी, दिवाण आणि रविवारचा धूप

गोविंदरावांचं सगळं आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलं. गार्ड होते. पुढं इंजिन कुठं चाललंय ते काही दिसायचं नाही, मागं काय काय सुटलं तेवढं मात्र झकास दिसायचं. प्रतापनगरपासून पार गोध्र्यापर्यंत लोक म्हणायचे, गोविंदरावांच्या गाडीतली सुईसुद्धा कुणाला काढता यायची नाही. आणि असल्या माणसाच्या घरात, त्याच्या नाकासमोर, रोज चोरी व्हायची. चोर दोन. एक चिमटी, दुसरा दिवाण.

चिमटी आली डभोईच्या यार्डातून. गाडी उभी होती म्हणून गोविंदराव चहाला उतरले, परत चढले, बडोद्याला घरी आले, जेवणाच्या डब्याची पिशवी उघडली तर आत मांजराचं पिल्लू. पोळीभाजी पिल्लाच्या पोटात आणि पिल्लू पिशवीत गाढ झोपलेलं. चिमटीत मावेल एवढं, म्हणून चिमटी. अंगानं ती नंतरही फार वाढली नाही, जे काय वाढलं ते डोक्यात.

दिवाण कुठून आला ते आजवर कुणाला कळलेलं नाही. एका दुपारी सुहासिनीबाई झोपून उठल्या तर टीव्हीवर भलामोठा पिवळा बोका. एक कान फाटका, मिशा ताठ, आणि बघतोय असा की जणू यांनाच विचारतोय, तुम्ही कुणाला विचारून आत आलात?

"अगं बाई," सुहासिनीबाई म्हणाल्या, "हा तर संस्थानातला दिवाणच दिसतोय. नोकरी सुटली, रुबाब नाही सुटला."

तेव्हापासून टीव्ही त्याचा. टीव्ही वरून गरम असतो ना, म्हणून. त्याचं शेपूट खाली लोंबायचं ते बरोबर पडद्याच्या मधोमध. नुकतंच केबल आलेलं, दिवसभर कुठली ना कुठली मॅच चालू. गोविंदराव हातात फूटपट्टी घेऊन बसायचे. स्कोर बघायचा असला की पट्टीनं शेपूट बाजूला सारायचं. दिवाण एक डोळा उघडून बघायचा, आणि शेपूट परत जागच्या जागी. बातम्या देणाऱ्या बाईला गोविंदरावांनी वर्षभर मिशांशिवाय पाहिलं नाही.

चिमटीला नाद चपलांचा. जोडी नको, एकच. ह्याच्या ओसरीवरची डावी, त्याच्या दारातली उजवी, आणून ठेवायची गोविंदरावांच्या पायरीवर. सकाळी सहा वाजले की सोसायटीतली माणसं एका पायात चप्पल घालून यायची. "गोविंदभाई, जय श्री कृष्ण, मारी आवी छे?" सुहासिनीबाईंनी सगळ्या ओळीनं लावून ठेवलेल्या असायच्या. ज्यानं त्यानं आपली ओळखायची आणि जायचं. कुणी रागवायचं नाही. कारण हे घर म्हणजे सोसायटीतलं सगळ्यात भाविक घर.

आता हे भाविकपण कुठून आलं, ते सांगितलंच पाहिजे.

छाणी जकातनाक्याच्या अलीकडं ती सोसायटी. सगळी गुजराती घरं, सगळी शाकाहारी. गोविंदराव तिथं भाड्यानं राहत होते. ते मूळचे देवगडचे. माणूस देवगडातून बाहेर काढता येतो, देवगड माणसातून काढायला कुणी जन्माला यायचाय. रविवार आला की जिभेला मासळी हवी. ताजी आणायची सोय नाही, म्हणून सुकी. बोंबील, सुकट, सोडे. सुहासिनीबाईंचा भाऊ पाठवायचा, आणि गोविंदरावांच्या हाताखाली तयार झालेला अविनाश नावाचा गार्ड गाडीतून घेऊन यायचा.

पण बोंबील तव्यावर पडला की त्याची बातमी आधी शेजाऱ्याला कळते. म्हणून दर रविवारी सकाळी घरात युद्धाची तयारी. खिडक्या बंद. दाराच्या फटीला ओला पंचा. आणि सगळ्यांत मोठं हत्यार म्हणजे धूप. निखाऱ्यावर मूठभर धूप टाकायचा, घर धुरानं कोंदायचं, आणि त्या धुराच्या पोटात बोंबील भाजायचा. मे महिना असो, बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असो, दोघं नवरा-बायको खिडक्या लावून, घामानं निथळत, डोळे चोळत, बोटं चाटत बसलेली. आणि समोर दोन बश्या. दिवाणची एक, चिमटीची एक.

बाहेर सोसायटी काय म्हणायची? "जुओ, दर रविवारे धूप! केवढी भक्ती!"

त्यात मांजरांनी भर घातली. धुराचा वास आला की दोघं असतील तिथून धावत यायची. कुणाच्या गच्चीवर असोत, कुणाच्या स्कूटरवर झोपलेली असोत. यायची, दारासमोर ताठ बसायची, मान वर, डोळे मिटलेले, आणि गळ्यातून लांब सूर. लोकांनी नाव ठेवलं, भगत बिलाडी, म्हणजे भक्त मांजर.

हे नाव ठेवणारे जयंतीभाई. समोरच्याच घरात राहायचे, सोसायटीचे प्रमुख. घरात कांदा नाही, लसूण नाही, चातुर्मासात वांगंसुद्धा नाही. तोंडून खोटा शब्द नाही, आणि दुसऱ्याचा खपवून घ्यायचे नाहीत. दोन खोडी मात्र होत्या. एक, तपकीर. दिवसभर चिमूट चिमूट नाकात कोंबून नाकाचं पार वाटोळं झालेलं. गॅस सुटला तरी त्यांना कळला नसता. आणि दुसरी, चिमटी. त्यांचा तिच्यावर जीव. संध्याकाळी ओसरीतल्या झोपाळ्यावर, त्यांच्या हिंचक्यावर, बसले की दुधावरची साय तिच्यासाठी. तीही हिशेब ठेवायची. जे काय चांगलं सापडेल ते नेऊन त्यांच्या पायाशी टाकायची. कधी पतंगाचा तुकडा, कधी पाल.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं. मग घरमालक कांतिभाई आले आणि म्हणाले, "गोविंदभाई, मी मुलाकडे अमेरिकेला चाललो. घर विकायचंय. तुम्हालाच देईन. पण सोसायटीनं हो म्हटलं पाहिजे. नाही म्हणाले तर दुसरा माणूस तयार आहे, मग मला दोष देऊ नका."

गोविंदराव त्या रात्री जेवले नाहीत नीट. आयुष्यभर रेल्वेच्या क्वार्टरात काढलं, तिथं भिंतीत खिळा मारायचा तरी वरच्याला विचारा. मग भाड्याचं घर, तिथंही तेच. सुहासिनीबाईंनी लग्नात आणलेला आरसा अजून ट्रंकेत पडून होता, कारण टांगायचा कुठं? आणि दोन मांजरांसकट कोण घेणार होतं दुसरीकडं? हे घर पाहिजे होतं. दोघांनाही पाहिजे होतं, आणि दोघंही एकमेकांना तसं बोलून दाखवत नव्हते.

सोसायटीची एक रीत होती. नवा मेंबर घ्यायचा तर आधी त्याच्या घरी भजन. सगळ्यांनी त्याच्याकडं जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, प्रसाद खायचा. मग संध्याकाळी जयंतीभाईंच्या हिंचक्यापाशी जमून हो का नाही ते सांगायचं.

"तुमचं तर काय, होच आहे," जयंतीभाई म्हणाले. "या रविवारी भजन ठेवू. तुमच्या घरात तर रविवारी तसाही देव असतोच."

"असतो," गोविंदराव म्हणाले आणि घाम पुसला.

शनिवारी दुपारी अविनाश दारात. खांद्यावर गोणपाटाचं गाठोडं.

"काका, देवगडचा माल. या खेपेला मामांनी हात सैल सोडलाय."

"आज?" गोविंदराव त्याच्यावर ओरडले. "आज आणलास? मेल्या, उद्या भजन आहे!"

"मग मी काय बोंबलाला पंचांग दाखवून आणू?" अविनाश म्हणाला, गाठोडं ठेवलं आणि पळाला.

सुहासिनीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "नेऊन टाका कुठंतरी."

"टाकू? देवगडचा बोंबील टाकू? जीभ झडेल तुझी."

"मग लहरीपुऱ्यात रसिकाकडं ठेवून या."

रसिका त्यांची पुतणी. गोविंदराव म्हणाले, "तिच्या सासूच्या हाती बोंबील गेला तर नंतर त्याचा फोटोसुद्धा मिळायचा नाही."

"मग करा काय करायचं ते. पण उद्या या घरात बोंबलाचं नाव निघालं तर मी तुमच्या मांजरांसकट तुम्हाला डभोईच्या गाडीत बसवीन."

गोविंदरावांनी मग गार्डाची अक्कल चालवली. डालडाचा मोठा डबा घेतला. आत बोंबील, वर प्लॅस्टिक, वर झाकण. झाकणाला भोकं पाडून तार ओवली, आणि मालडब्याला लावतात तसं शिशाचं सील पकडीनं दाबून बसवलं. डबा ठेवला स्वयंपाकघराच्या माळ्यावर, गाद्यांच्या मागं. खाली उतरून हात झटकले.

"आता साक्षात यम आला तरी सील तोडल्याशिवाय आत जात नाही," म्हणाले.

चिमटी ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. तिनं जांभई दिली.

रविवारी सकाळी घर भरलं. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका मधल्या. टाळ, ढोलक, पेटी. जयंतीभाई देवासमोर मांडी घालून, म्हणजे एक पाय दुमडून आणि दुसरा लांब सोडून, कारण गुडघा धरलेला. दिवाण टीव्हीवर, शेपूट खाली, सगळ्यांवर नजर ठेवून. चिमटी जयंतीभाईंच्या मांडीला टेकून. अगदी चित्रासारखं. गोविंदरावांच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. लोक पाणी प्यायले. लोक सुहासिनीबाईंच्या शिऱ्याला छान म्हणाले. आरतीची वेळ झाली.

तेवढ्यात जयंतीभाईंच्या पत्नी, मंजुलाबेन, हातात निखाऱ्याचं पात्र घेऊन आल्या. "आज धूप माझ्या घरचा," म्हणाल्या, आणि मूठभर टाकला.

धूर वर चढला.

गोविंदरावांनी सुहासिनीबाईंकडं बघितलं. सुहासिनीबाईंनी गोविंदरावांकडं. कारण त्या क्षणी गोविंदरावांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. खरंच सुटलं. आरती चालू आहे, हात जोडलेले आहेत, आणि माणसाला बोंबील आठवतोय. आणि जे माणसाला कळलं ते मांजरांना त्याच्याआधी कळलेलं.

दिवाण टीव्हीवरून धप्पकन खाली. देवासमोर येऊन ताठ बसला, मान वर केली आणि असा काही सूर लावला की पेटीवाला थांबला.

"जुओ, जुओ! भगत!" कुणीतरी म्हणालं. दोन बायकांनी दिवाणलाच हात जोडले.

चिमटी उठली. बशी जिथं असते त्या कोपऱ्यात गेली. बशी नाही. सुहासिनीबाईंच्या हातांकडं बघितलं. हातात फुलं. धूप आहे आणि बशी नाही, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. ती स्वयंपाकघराकडं वळली. गोविंदराव उठायला गेले, पण दोन्ही बाजूंना माणसं, समोर आरती. अर्धे उठले तसेच वाकून राहिले. लोकांना वाटलं, नमस्कार करताहेत.

मग आतून आवाज आला. धडाम! आणि पाठोपाठ घरंगळणं, भिंतीपर्यंत.

सुहासिनीबाई आत पळाल्या. डबा मोरीपाशी पडला होता. सील शाबूत. तार शाबूत. डब्याचा तळ निघालेला.

आणि मधल्या खोलीतून, बायकांच्या रांगेतून, मान उंच, शेपूट उंच, तोंडात आडवा बोंबील धरून चिमटी चालत आली. घाई नाही, भीती नाही. सरळ जयंतीभाईंपुढं गेली आणि त्यांच्या लांब केलेल्या पायाशी बोंबील ठेवला. साय खाल्ली होती ना रोज.

आरती संपली होती. सगळे वाकून बघायला लागले. धुरामुळं कुणाला वास यायचा प्रश्न नव्हता, आणि सुका बोंबील त्या माणसांनी जन्मात बघितलेला नव्हता. दिसतो तरी काय, वाळकी काडी. जयंतीभाईंनी तो उचलला. उलटा केला, सुलटा केला. नाकाशी नेला. त्या नाकाशी!

"आ शुं छे, गोविंदभाई? मूळी?"

गोविंदराव पुढं सरकले. "ते... आमच्या कोकणातून..."

"कोकणातली मूळी! कशाची?" त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गुडघ्यावर गेला. "गुडघ्याची?"

गोविंदरावांची मान हलली. उभी हलली का आडवी, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. जयंतीभाईंनी उभी धरली.

"बघा!" ते सगळ्यांना म्हणाले. "किती वर्षं मी ओरडतोय गुडघा, गुडघा. डॉक्टर झाले, वैद्य झाले. आणि शेवटी औषध आणून कोण देतं? ही मुकी बिलाडी! आरतीच्या वेळी!" डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या. बोंबील रुमालात गुंडाळला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. "घराचं संध्याकाळी बोलू. बोलायचं काय आहे म्हणा."

लोक पांगले. मंजुलाबेन प्रसादाचं ताट घेऊन आजारी-पाजाऱ्यांच्या घरी वाटायला गेल्या. दोन्ही मांजरं जयंतीभाईंच्या खिशामागं गेली.

गोविंदराव दार लावून आत आले आणि खुर्चीत बसले. "वाचलो," म्हणाले.

"कसले वाचलो?" सुहासिनीबाई जमिनीवरचे बोंबील गोळा करत होत्या. "ते कपाळाला लावून गेले तो!"

"लावू दे. गुडघ्यालाही लावू दे. लावल्यानं काय होतंय?"

"आणि खाल्ला तर?"

"खातील कशाला?"

"मुळी म्हणाले ना ते? मुळी लोक कशात घेतात? दुधात उगाळून घेतात."

गोविंदरावांनी वर बघितलं. पंखा फिरत होता. मग म्हणाले, "सांगितलं तर घर गेलं, सुहास."

"ते मला कळत नाही होय? मला पाहिजे हे घर. तुमच्यापेक्षा जास्त पाहिजे." त्यांनी बोंबलांची पुरचुंडी आपटली. "पण रोज सकाळी दार उघडलं की समोर तो माणूस दिसणार. वांगंसुद्धा सोडतो हो तो. तोंड दाखवाल त्याला?"

"तू तर असं बोलतेस जसं मी भरवलाय."

"भरवला नाही. मान हलवलीत."

गोविंदराव उठले. पायरीवर चपलेत पाय सरकवले आणि निघाले. रस्ता ओलांडताना कळलं, एक चप्पल आपली, दुसरी कुणाची तरी बायकी. पण परत फिरले असते तर परत निघाले नसते.

समोर जयंतीभाईंच्या ओसरीवर बघतात तर काय! जयंतीभाई हिंचक्यावर आडवे टेकलेले. धोतर गुडघ्याच्या वर. गुडघ्यावर करड्या रंगाचा जाड लेप. आणि एका बाजूनं दिवाण, दुसऱ्या बाजूनं चिमटी, दोघं मिळून तो गुडघा चाटताहेत. काय मन लावून! दिवाण तर गुडघ्याला दोन्ही पंजांनी मिठी मारून बसलेला. मांजराची जीभ म्हणजे खरखरीत, जयंतीभाईंना गुदगुल्या होत होत्या, ते डोळे मिटून हसत होते.

"आवो, आवो, गोविंदभाई! बेसो! तुमची मांजरं नाहीत ही, मागच्या जन्मीचे वैद्य आहेत. सेवा बघा! आणि फरक पडला हं. गरम वाटतंय आतून."

"जयंतीभाई, जरा बोलायचं होतं..."

"बोलू ना, घराचंच ना? अर्धी मूळी खलात कुटून लावली. अर्धी ही." त्यांनी बाजूचा पेला उचलला. दूध, वर वाफ, आणि वाफेत जे काय होतं ते गोविंदरावांच्या नाकानं लांबूनच ओळखलं. "ही घेतो आणि मग ऐकतो तुमचं."

पेला ओठांपाशी गेला.

"नका!" गोविंदराव असे ओरडले की सिग्नल चुकवून निघालेली गाडीसुद्धा थांबली असती. "पिऊ नका. मुळी नाही ती. मासळी आहे."

हिंचका थांबला.

"शुं?"

"मासळी. वाळवलेली. बोंबील म्हणतात. दर रविवारी आम्ही तेच खातो. धूप त्यासाठीच लावतो, वास येऊ नये म्हणून. देवासाठी नाही. मांजरं पण त्यालाच येतात."

जयंतीभाईंनी पेल्यात बघितलं. मग गुडघ्याकडं बघितलं. मांजरांनी काही थांबवलेलं नव्हतं. मग रुमालाकडं बघितलं, आणि हात हळूहळू कपाळाकडं गेला. पेला खाली ठेवला, दिवाणला गुडघ्यावरून सोडवलं आणि लंगडत आत गेले. न्हाणीघराचं दार लागलं. पाण्याचा आवाज सुरू झाला. बादली, मग बादली, मग परत बादली.

गोविंदराव ओसरीच्या कडेला उभे. जावं का थांबावं? मंजुलाबेन ताट रिकामं करून आल्या, आतलं पाणी ऐकलं, दुधाचा पेला बघितला, तो नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

"सांगितलं, बेन. म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"गोविंदभाई, तपकीर ते ओढतात. मी नाही ओढत." त्यांनी पेला जमिनीवर ठेवला. चिमटीनं तोंड घातलं. "पहिल्याच रविवारी कळलं. दोन दिवस जेवले नव्हते मी. म्हटलं सांगावं यांना, काढून टाकावं. मग एकदा मे महिन्यात गच्चीत पापड घालायला गेले. बघते तर एवढ्या उन्हात तुमच्या सगळ्या खिडक्या बंद, आत सुहासबेन खोकतायत. म्हटलं, ही माणसं आपल्याच घरात चोरासारखी खातायत, ती कुणासाठी? आमच्या नाकासाठी ना? आमच्या सख्ख्या नातेवाइकांनी एवढं केलं नाही आमच्यासाठी. मग नाही सांगितलं."

गोविंदराव पायातल्या बायकी चपलेकडं बघत राहिले.

"ती माझी आहे," मंजुलाबेन म्हणाल्या.

पाणी थांबलं. जयंतीभाई बाहेर आले. ओलं अंग, कोरडं धोतर, कपाळ घासून घासून लाल. हिंचक्यावर बसले नाहीत. भिंतीला धरून उभे राहिले.

"एक विचारतो," म्हणाले. "गप्प बसला असता तर मला जन्मात कळलं नसतं. संध्याकाळी घर तुमचं होतं. का बोललात?"

गोविंदरावांनी डोकं खाजवलं. "तुम्ही प्यायला निघाला होतात," म्हणाले. दुसरं काही कारण त्यांना खरंच सापडलं नाही.

जयंतीभाईंनी तपकिरीची डबी काढली, उघडली, बंद केली.

"मला किळस वाटतेय," शेवटी म्हणाले. "खोटं नाही सांगत. तुमच्या घरचं पाणी मी आता पिणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," गोविंदराव म्हणाले आणि निघायला वळले.

"थांबा. पाण्याचं बोललो मी. घराचं कुठं बोललो?"

तेवढ्यात फाटक वाजलं. आत तीन माणसं. पुढं कोपऱ्यावरच्या घरातल्या सविताबा काठी टेकत, मागं त्यांचा मुलगा आणि शेजारचे रिटायर मास्तर, दोघंही कंबर धरून. आरतीहून परतलेल्यांनी मुळीची गोष्ट सांगितली नसेल असं सोसायटीत एक घर नव्हतं.

"जयंतीभाई," सविताबा धापा टाकत म्हणाल्या, "पेली मूळी! थोडी मने आपो ने. माझे दोन्ही गुडघे गेले."

"मला चिमूटभर चालेल," मास्तर म्हणाले.

गोविंदरावांनी डोळे मिटले. जयंतीभाई खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या छाणी रोडला ठाऊक होतं. मंजुलाबेनही नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

जयंतीभाईंनी खाली बघितलं. चिमटीनं पेला चाटून लख्ख केला होता. दिवाण लेपाचे जमिनीवर पडलेले तुकडे टिपत होता.

"मूळी नथी," जयंतीभाई म्हणाले. "बिलाडी खाई गई."

"आखी?"

"आखी."

सविताबांनी दिवाणला काठी दाखवली. दिवाणनं त्यांच्याकडं बघून मिशा पुसल्या.

"आणि आता आलाच आहात तर ऐका," जयंतीभाई गोविंदरावांकडं न बघता म्हणाले. "कांतिभाईंचं घर हे गोविंदभाई घेतायत. माझा हो आहे. तुमचा कुणाचा वांधा असला तर आत्ताच बोला."

"वांधो शेनो?" सविताबा काठी आपटून म्हणाल्या. "हे गेले तर आम्हाला मूळी कोण मागवून देणार?"

जयंतीभाईंना जोराचा ठसका लागला.